गाडीची खांदशेकणी

मेडशीच्या जगदेवरावांनी आयुष्यात एखाद्या गोष्टीला चांगलं म्हटलं, असं शपथेवर सांगणारा माणूस अख्ख्या मालेगाव तालुक्यात सापडायचा नाही. पुरणपोळी ताटात पडली की पहिला घास घेऊन ते म्हणत, "हूं. पुरनाचा हात तुया सासूबाईसंगंच गेला." आणि सासूबाई जिवंत होत्या तेव्हा ते काय म्हणत, हे तुळसाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, चांगलं आठवतं. तेव्हा ते म्हणत, "ही पोळी हाय का गोवरी?" नळ आला तर विहिरीचं पाणी बरं होतं. विहीर होती तेव्हा नदीचं बरं होतं. शेजाऱ्यानं नवं घर बांधलं, वास्तूचं जेवण दिलं, तर जगदेवराव चार बुंदीचे लाडू खाऊन उठले, हात धुता धुता भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "रेती जास्त झाली बाप्पा."

एवढी जीभ असलेल्या माणसाला गावानं सांभाळून घेतलं ते त्याच्या हातासाठी. तरुणपणी जगदेवराव शंकरपटातले धुरकरी होते. पटात बैलजोडी जुंपलेल्या इवल्याशा छकड्यावर बसून जो माणूस वाऱ्यासारखा सुटतो, तो धुरकरी. बाकीचे धुरकरी बैलाला चुचकारत, बाबा-पुता करत, कोणी चोरून तुतारी, म्हणजे खिळा लावलेली काठी, टोचत. जगदेवराव यातलं काही करत नसत. ते सुटायच्या आधी बैलाच्या कानाशी जाऊन त्याचा अपमान करत. "तुये पाय हाय का खाटेचे खूर? घान्याचा बैल तुयापेक्षा जोरात चालते बे, अन् तो तं गोल फिरते!" जोडी त्या अपमानानं पळे, असं गावातले जाणते सांगत. एकदा धनजच्या पटात त्यांचा उजवा बैल हरण्या ऐन झेंड्याजवळ थांबला आणि मान वळवून धुरकऱ्याकडे पाहत उभा राहिला. परगावचे लोक म्हणाले, बैल बिचकला. जगदेवराव म्हणाले, "बिचकला नाही. मी त्याच्या मायवर गेलो, ते त्याले लागलं." त्यानंतर बैलाच्या आईवरून ते कधी बोलले नाहीत. माणसांच्या बाबतीत मात्र अशी काही मर्यादा त्यांनी पाळल्याचं ऐकिवात नाही.

हरण्या म्हातारा होऊन गेला. त्याचा जोडीदार पाखऱ्या मग कडब्याला तोंड लावेना. तोही त्याच हिवाळ्यात गेला. गोठा रिकामा पडला. आता रिकाम्या जागेत काहीतरी येऊन बसतंच. कोणाच्या चिमण्या बसतात, कोणाचा जावई बसतो. जगदेवरावांच्या गोठ्यात त्यांच्या मुलाची, लखनची, गाडी येऊन बसली. चांदीच्या रंगाची, वापरलेली, दाराला पोचे आलेली छोटी गाडी. ती गोठ्यात पुरती मावतही नसे. तिचं नाक गव्हाणीला टेकायचं आणि ढुंगण बाहेर पावसात भिजायचं. गव्हाण म्हणजे बैलांना चारा टाकायचा दगडमातीचा लांबट हौद. लखन रोज म्हणे, "ही गव्हान पाडू." जगदेवराव रोज म्हणत, "मले पाड आंधी."

लखन हा वेगळाच नमुना. जगदेवरावांना जगातली कोणतीच गोष्ट पसंत नव्हती म्हणून ते तिला नावं ठेवून मोकळे होत. लखनलाही कोणतीच गोष्ट पसंत नव्हती, पण तो तिला सुधारायला जाई. बापलेकांत फरक तो इतकाच, आणि पहिल्याचा ताप कमी होता. शाळेत असताना त्यानं सायकलला ट्रकचा भोंगा बसवला. भोंग्याच्या वजनानं सायकल उभी राहीना. शेती हाती आल्यावर फवारणी लवकर व्हावी म्हणून पंपाचं टोक मोठं केलं. अर्ध्या तासात अख्खं औषध एका तासावर, म्हणजे सोयाबीनच्या एका ओळीवर, जाऊन बसलं. ती ओळ जळाली. लखन म्हणाला, "पन टाइम किती वाचला!" जगदेवराव बांधावर बसून म्हणाले, "वाचलेला टाइम घरी आन, तुई माय त्याची भाजी करते."

लग्न झालं. बायको कारंजा लाडची, पल्लवी, शिकलेली, समजूतदार, आणि बोलायला लागली तर सासऱ्याच्या तोडीची. तिचा भाऊ सतीश कारंज्याच्या बाजारपेठेत धान्याचं दुकान चालवतो. त्याच्याकडे लखनच्या गाडीपेक्षा मोठी, नवी, जोरकस गाडी. इथूनच सगळं सुरू झालं. साळ्याची गाडी मोठी असणं हे दुखणं कोणत्याही जावयाला सोसत नाही. त्यावर औषधही नाही.

मेडशीच्या बाहेर नवा मोठा रस्ता झाला तेव्हा जुन्या रस्त्याचा एक वळणावळणाचा तुकडा तसाच सुटून पडला. तूर-सोयाबीन निघाली की लोक त्यावर धान्य वाळवतात. बाकीच्या दिवसांत चार गावची तरणी मंडळी तिथं गाड्या पळवतात. वळणांवर जुने टायर ठेवायचे, एकेकानं एकटं सुटायचं, टोकाच्या बाभळीला वळसा घालून परत यायचं आणि मोबाइलमधल्या घड्याळात कोणाला कमी वेळ लागला ते पाहायचं. याला ते ट्रॅक म्हणतात.

"रस्त्यानं कुठंतरी जाचं रायते," जगदेवराव म्हणत. "हे निंगते तिथंच वापस येते, अन् वरतून घड्याळ पाह्यते. येड्यायचा बाजार!"

"तुमचा पट कोन्या गावाले जात होता वो?" तुळसाबाई चुलीपासून विचारत.

"तिथं बैल रायते. बैलाले इज्जत रायते."

"हो. म्हनूनच तुमी त्याची काढत होते."

तर लखनची गाडी आठवडाभर बियाण्याची पोती, दुधाची कॅन आणि पल्लवीला वाहायची, आणि मोकळ्या दिवशी ट्रॅकवर धावायची. अशा दुहेरी नोकरीत तिचे बुश गेले. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो. त्या हाताच्या सांध्यात रबराचा बुचासारखा एक नग बसवलेला असतो, तो बुश. खड्ड्याचा मार तो खातो, वळणावर चाक जागच्या जागी तोच धरतो. लखनच्या गाडीतल्या बुशांचं रबर चिरलं होतं. ब्रेक मारला की गाडी टक् करून एका अंगाला ओढायची.

दुसऱ्या कोणी तसेच नवे रबरी बुश टाकले असते आणि तो विषय संपला असता. पण साध्यासारखं साधं केलं तर तो लखन कसला! महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्यानं पुण्याहून पॉलियुरेथेनचे बुश मागवले. पिवळे जर्द, घोड्याच्या खुरासारखे टणक. जेवताना, दात घासताना, सासऱ्याशी फोनवर बोलताना, सगळीकडे तेच.

"बाबा, हे रबर नोहय. रबर दाबते, लवते, वळनावर चाक हालते. हे पॉली हाय. हालतच नाही. गाडी रस्त्यावरही चालीन अन् ट्रॅकवरही पळीन. रबरावर तेल पडलं तं रबर सडते. याले तं उलट..."

"कढी वाढ व," जगदेवराव सुनेला म्हणाले.

महिनाभर हेच चाललं. लखन सांगायचा आणि जगदेवराव कढी मागायचे. पोरानं तोंड उघडलं की कान मिटायचे, हा त्यांचा जुना नेम होता. त्यांचं नशीब पुढं जे फिरलं ते या नेमामुळेच, पण माणसाला आपल्याच कानांची झाकणं कधी दिसतात!

बुशासोबत एका पुडीत थोडं पांढरं ग्रीस आलं होतं. ते बुशाला आतून-बाहेरून लावूनच बसवायचं असतं. पुडी देवळीत ठेवली होती. तुळसाबाईंना वाटलं, सुनेनं भेगांचं मलम आणलं. त्यांनी चार दिवस रोज सकाळी टाचांना चोळलं. टाचा लोण्यासारख्या झाल्या. पुडी संपली.

"आता?" लखननं मेकॅनिक मुन्नाला विचारलं. मुन्नाचं गॅरेज बस थांब्याजवळ आहे. जे अवघड असेल ते गरजेचं नाही, असं सांगण्यात त्याचा हातखंडा.

"काही होत नाही भाऊ. कोरडंच ठोकू."

आणि कोरडंच ठोकलं. दुसऱ्या दिवशी गाडी गोठ्यातून निघाली ती 'कुई' करत. खड्डा आला, कुई. वळण आलं, कुईऽऽ. गल्लीतली कुत्री मागं लागली. गाडी अशी कडक झाली की चाकाखाली आलेला खडा पल्लवीच्या दाढेत कळायचा. कारंज्याला जाऊन आली आणि पिशवी ओसरीवर टाकून ती म्हणाली, "मी आता यष्टीनंच जाईन. यष्टी हालते, पन रडत तं नाही."

जगदेवराव कधी नव्हे ते खुलले. गाडी निघायची वेळ झाली की ते ओट्यावर येऊन बसत. "वंगन सरलेल्या बैलबंडीचा आवाज आयकला तं मले माये लहानपनचे दिवस आठोते," म्हणत. चालत्या गाडीला दोन शब्द सुनावल्याशिवाय त्यांचा चहा उतरत नसे.

अशातच सतीश एकदा घरी आला, ट्रॅकवर गेला आणि लखनला हरवून आला. वर म्हणाला, "भाऊजी, तुमची गाडी पळते कमी अन् गाते जास्त." लखनला ते इतकं झोंबलं की बापासमोर, मायसमोर, बायकोसमोर तो बोलून बसला, "पोळ्याच्या करीले मी सतीशले हारवतो. नाही हारवलं तं गाडी इकतो, अन् गोठ्यात बैल आनतो!"

जगदेवरावांचे कान त्या दिवशी पहिल्यांदा उघडे निघाले. "पुन्हा बोल."

"इकतो. पन जितलो तं गव्हान पाडीन. मंग बैलाचं नाव नाही काढाचं."

"लक्षात ठेवजो. तुई माय साक्षीले हाय."

तुळसाबाई म्हणाल्या, "साक्ष दोघायचीही."

झालं. जगदेवरावांना त्या दिवसापासून दुसरं सुचेना. ते एसटीनं धनजला जाऊन एक गोऱ्ह्यांची जोडी पाहून आले. पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले, शिंगं पाहिली, चार पावलं चालवून पाहिलं, आणि एकही खोड काढता न आल्यामुळे गप्प परत आले. एवढे गप्प की तुळसाबाईंनी कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. रिकाम्या गोठ्यात उभे राहून ते डावा कोणता, उजवा कोणता ठरवू लागले. म्हातारपणी माणसाला काय हवं असतं? कोणाला काशी हवी असते, कोणाला नातवंड. जगदेवरावांना शिव्या द्यायला एक जोडी हवी होती. मुलगा शिव्या ऐकून पळत नाही, ही त्यांची खरी तक्रार.

आता पाहा, गाडी हरणारच होती. कुई-कुई करत होती, सांधे आखडले होते, स्टिअरिंग जड झालं होतं. सतीशनं एकदा हरवलंच होतं. जगदेवरावांनी फक्त ओट्यावर बसून चहा प्यायचा होता. करीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बैल आपल्या पायांनी चालत आले असते. पण बसवत नाही! आयतं पडणारं फळही दगड मारूनच पाडायचं, तर त्याला कोण काय करणार? जुना धुरकरी. शेवटच्या हातात पट फिरलेला त्यांनी अनेकदा पाहिला होता. त्यांना खात्री करून घ्यायची होती.

आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांना युक्ती सुचली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा रापलेला असतो. त्याला त्या दिवशी गरम तूप-हळद चोळतात, पळसाच्या पानानं शेकतात आणि जेवणाचं आवतण देतात. गोठा रिकामा असला तरी तुळसाबाईंनी सवयीनं वाटीभर तूप-हळद कढवली होती. वाटीकडे पाहता पाहता जगदेवरावांना फवारणीचा पंप आठवला. पंपाचा रबरी वायसर मागं एकदा तेलात पडून राहिला होता, तो भज्यासारखा फुगला आणि चिमटीत धरला तर तुटून आला. रबराला स्निग्ध चालत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि गाडीच्या सांध्यात असतं ते रबरच. पिवळं असो, काळं असो, रबर ते रबर!

ते उठले आणि मोठ्यानं म्हणाले, "यंदा बैल नाही तं नाही. आपली लक्ष्मी आता गाडीच हाय. तिची खांदशेकनी मी करतो."

घर थबकलं. पल्लवीच्या हातातलं लाटणं थांबलं. लखनचे तर डोळेच भरून आले. ज्या बापानं गाडीला आजवर 'डबडं' सोडून दुसरं नाव दिलं नव्हतं, तो वाटी घेऊन गोठ्याकडे निघाला होता!

"बाबा, तुमी? खरंच?"

"याचा खांदा कोनता, ते दाखव."

लखननं गहिवरून बुश दाखवला. "हा पाहा बाबा. सारं वजन, सारा मार यावर. हाच हिचा खांदा."

"मंग जू उतरव. जू असताना खांदा शेकतात का कुठं? बाहेर काढ त्याले. आतूनबी चोळलं पाह्यजे."

लखननं मुन्नाला फोन लावला. तासाभरात गाडी ठोकळ्यावर चढली, चाकं निघाली, बोल्ट निघाले, बुशाचे दोन्ही भाग आणि मधली लोखंडी नळी पाटावर येऊन बसली. जगदेवरावांनी बाही वर केली. आणि चोळलं, बाप्पा! हरण्या-पाखऱ्याला जसं चोळत तसं. बोटं आत घालून, फिरवून फिरवून, एक कोपरा कोरडा ठेवला नाही. नळीलाही लावलं. कुठं चुकून रबर वाचून राहू नये, हा हेतू. पण पाहणाऱ्याला ती भक्ती दिसत होती. माणूस भक्तीनं करत नाही इतकं काम कपटानं नेटकं करतो. पिवळ्या बुशावर पिवळी हळद अशी बेमालूम बसली की लावली का नाही तेही कळेना, म्हणून त्यांनी पुन्हा एक हात दिला. शेवटी पळसाच्या पानानं शेकलं आणि गाडीच्या नाकाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि मनात म्हणाले, आणि परवा जा.

लखननं मोबाइलवर फोटो काढला. मुन्नानं नमस्कार केला. तुळसाबाई तेवढ्या दारात उभ्या राहून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनीही तो पंपाचा वायसर पाहिला होता.

करीच्या दिवशी पाऊस उघडला होता, जुना रस्ता वाळला होता. पोळ्याचं जेवण अंगावर असलेली चार गावची मंडळी जमली. जगदेवराव धुतलेलं धोतर नेसून रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले. सतीशनं गाडीच्या पुढच्या भागावर हळदीचे ठसे पाहून खिजवलं, "भाऊजी, नजर काढून आनली का गाडीची? पन नजर कोन लावीन हिले?"

"तू सुट आंधी," लखन म्हणाला.

सतीश सुटला. गाडी जोरकस खरी, सरळ रस्त्यावर बाणासारखी गेली. पण मऊ सांध्यांमुळे वळणावर चिखलातल्या म्हशीसारखी लोळली, बाभळीपाशी तर बाहेर बाहेरच गेली. तरी वेळ चांगला लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जगदेवरावांनीही वाजवल्या. कोणासाठी टाळी वाजवणारे जगदेवराव पाहून दोघंतिघं घाबरलेच.

मग लखन सुटला. जगदेवराव गाडीकडे पाहतच नव्हते. मान खाली घालून कान लावून बसले होते, कुई ऐकायला. पहिलं वळण आलं आणि गेलं. कुई नाही. दुसरं वळण. कुई नाही. त्यांनी मान वर केली.

गाडी वळणावर पडत नव्हती. चाक जिथं ठेवलं तिथं राहत होतं. खड्ड्यावरून गेली तर सांधा हलके दबला आणि लगेच उचलला. ना आखडला, ना रडला. जुन्या धुरकऱ्याला हे सांगावं लागत नाही. जोडीचा खांदा मोकळा असला की ती कशी जाते, हे त्यांच्या हाडांना ठाऊक होतं. बाभळीला वळसा घालताना गाडी आतल्या अंगानं अशी चिकटून गेली की जगदेवराव कठड्यावरून उठले. उठले, आणि तोंडातून निघून गेलं, "अबे खाटेच्या खुरा! ढील नोको देऊ! दाब आतून! हाऽऽण!"

गाडी आली. मुन्नानं घड्याळ पाहिलं आणि ओरडला. निसटती जीत नव्हती, चांगली ढळढळीत होती. कोणीतरी पोळ्यात म्हणतात त्या झडतीच्या चालीवर हेल काढला, "तूप गेलं खांद्याले, साळा लागला बांधाले, हर बोला हर हर महादेव!" आणि मग जगदेवरावांच्या ध्यानात आलं की आपण उभे आहोत, हात वर आहेत, आणि घसा बसला आहे. आणि बैल गेले.

लखन धावत येऊन त्यांच्या पायांवर पडला. "बाबा, हे तुमच्या हातचं हाय!"

"माया हातचं काय?"

मुन्ना हसत म्हणाला, "काका, पॉलीले चिकनं पाह्यजेच होतं ना. कोरडं बसलं म्हनून आखडलं होतं. तुमी तूप चोळलं, मोकळं झालं."

"पन रबर..." जगदेवरावांनी जीभ चावली.

"रबर नोहय बाबा ते! महिनाभर मी काय सांगून राह्यलो?"

"तू सांगतं ते आयकते कोन!" जगदेवराव म्हणाले. एवढं मात्र त्यांनी अगदी मनापासून म्हटलं.

घरी आल्या आल्या लखननं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, काढली. पैज ती पैज. गव्हाणीच्या एका टोकाला चार घाव बसले, दोन दगड सुटले. जगदेवराव ओट्यावर पाठ करून बसले होते. प्रत्येक घावाला त्यांची मान आखडत होती. इतक्यात जेवायला थांबलेला सतीश हातात तुपाची वाटी घेऊन समोर आला. हरलेल्या माणसाची जिद्द.

"मामाजी, आता मायाही गाडीची खांदशेकनी करा. पुढच्या खेपेले भाऊजीले दाखवतो."

"तुया गाडीत पिवळं हाय का काळं?"

"काळं. कंपनीचंच."

"मंग नाही होत."

"काहून? भाऊजीच्या गाडीची तं..."

"नाही म्हटलं ना! काळ्याले कोरडी हळद लाव, वाटीतलं तूप पोळीवर घे."

लखनची सब्बल थांबली. "काहून बाबा? काळ्याले तूप काहून नाही?"

जगदेवराव आकाशाकडे पाहू लागले. असं पाहत होते की जणू तिथंही कोणी रेती जास्त वापरली आहे. उत्तर तुळसाबाईंनी दिलं. त्या ताटं मांडत होत्या, मांडता मांडता सहज बोलल्या, "काळं रबर रायते ना बापू. रबर तुपानं फुगते, सडते. तुया बाबाले लय वर्षांपासून माहीत हाय. आपल्या पंपाच्या वायसरपासून."

पल्लवीनं पदर तोंडाशी नेला. सतीशला अर्धं समजलं. लखन एकेक धागा जुळवत होता; त्याचा चेहरा आधी पडला, मग तापला. पाटावरचं ते चोळणं, ते 'आतूनबी चोळलं पाह्यजे', तो स्वतः काढलेला फोटो, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार. तो ओट्यापाशी आला. पायांवर पडायला नाही.

"घ्या बाबा," त्यानं सब्बल पुढं केली. "उरलेली तुमी पाडा."

जगदेवरावांनी सब्बल घेतली. नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. गोठ्यात गेले, गाडीच्या अंगाला अंग न लागू देता कडेनं सरकले आणि गव्हाणीवर घाव घातला. मातीचं मोठं ढेकूळ पहिल्याच घावात सुटून पायाशी पडलं. त्यांनी ते उचलून चिमटीत कुस्करलं, नाक मुरडलं.

"हे पाहा! मातीत भुसा नाही, दगडाले दगड लागेल नाही. कोन्या अडान्यानं बांधली होती ही?"

"तुमीच," तुळसाबाई आतून म्हणाल्या. "आपलं लग्न झालं त्या साली."

"मंग काय!" जगदेवराव म्हणाले, "बैल होते म्हनून उभी होती," आणि त्यांनी दुसरा घाव घातला.